घुमणारी खोली ताळ्यावर कशी आणायची: अकॉस्टिक पॅनलची निवड आणि जागा

खानदेशात आता माइक घराघरात पोचला आहे. धुळे, अमळनेर, चाळीसगाव, शिरपूर, पाचोरा, नंदुरबार, कुठेही जा. कुणी अहिराणी गाणी रेकॉर्ड करतो, कुणी दहावीच्या गणिताचे व्हिडिओ बनवतो, कुणी केळीवरच्या करप्याची माहिती देतो. माइक चांगला असतो, मोबाइलही चांगला असतो. तरी पहिला व्हिडिओ टाकला की ओळखीतलाच कुणीतरी सांगतो, "भो, आवाज घुमी ऱ्हायना," म्हणजे आवाज घुमतोय. मग माणूस आणखी महाग माइक शोधायला लागतो. बहुतेक वेळा दोष माइकचा नसतो, खोलीचा असतो. तो दोष कमी खर्चात आणि आपल्याकडे मिळणाऱ्या सामानातून दूर करता येतो. त्यासाठी भिंतभर काही चिकटवायची गरज नाही. आवाज शोषणारी थोडी पॅनल, पण जाड, आणि नेमक्या जागी, एवढे सांभाळले की काम होते.

आपल्या जुन्या धाब्याच्या घरात हा प्रश्न फारसा यायचा नाही. जाड मातीच्या भिंती, सारवलेली जमीन, वर लाकडी कड्या, भिंतीत कोनाडे आणि फडताळे, दांडीवर गोधड्या. आवाज कुठे शोषला जायचा, कुठे विखुरला जायचा. आताच्या खोलीत गुळगुळीत प्लास्टर, खाली व्हिट्रिफाइड टाइल्स, वर काँक्रीटचा स्लॅब आणि खिडकीला सरकती काच असते. प्लास्टर, टाइल आणि काँक्रीट आदळलेल्या आवाजातले शंभरातले जेमतेम दोन-तीन भाग शोषतात, बाकी सगळा परत फेकतात. म्हणून एकच शब्द माइकपर्यंत आधी सरळ आणि मग भिंतींवरून आपटून अनेकदा पोचतो.

पॅनल काय करत नाही

दुकानात जाण्यापूर्वी हे पक्के करून घ्या. अकॉस्टिक पॅनल बाहेरचा आवाज थांबवत नाही. गल्लीतून जाणारी डीजेची वरात, शेजारची पिठाची गिरणी, समोरच्याचा कूलर हे सगळे पॅनल लावल्यावरही तितकेच ऐकू येईल. बाहेरचा आवाज अडवायला वजन लागते आणि फटी बंद कराव्या लागतात: भरीव दरवाजा, चौकटीला रबरी पट्टी, दरवाजाखालची फट बुजवणे, जाड काच. पॅनल हलके आणि सच्छिद्र असते. ते खोलीत तयार झालेला आवाज भिंतीवरून परत येण्याआधी शोषते, त्याचे काम तेवढेच. "साउंडप्रूफ फोम" म्हणून विकला जाणारा माल घेऊन निराश झालेले लोक पुष्कळ भेटतात, कारण त्यांना हवे होते एक आणि त्यांनी विकत घेतले दुसरेच.

तुमची मुख्य अडचण बाहेरचा गोंगाट असेल तर सगळ्यात स्वस्त उपाय वेळेचा आहे. पहाटे पाच ते सात या वेळेत रेकॉर्डिंग करा. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो तेव्हा कूलर बंद ठेवून खोलीत बसता येण्याची वेळही तीच असते.

पहिली पायरी: खोलीचा आवाज नीट ऐका

खोलीत एकटे उभे राहा, पंखा आणि कूलर बंद करा, आणि एकच खणखणीत टाळी वाजवा. समोरासमोरच्या दोन उघड्या भिंतींच्या मध्ये उभे असाल तर टाळीमागून "टर्रर्र" असा धातूसारखा आवाज येईल. आवाज त्या दोन भिंतींत पुन्हा पुन्हा आपटत असल्याची ती खूण आहे. भिंती दहा फुटांवर असतील तर आवाज सेकंदाला पन्नासाहून जास्त वेळा जाऊन येतो. खोलीच्या मध्यभागी, कोपऱ्यात, बसायच्या जागी, अशी सगळीकडे टाळी वाजवा. "टर्र" सगळ्यात जास्त कुठे येते त्या भिंतींवर खडूने खूण करा.

मग मोबाइलवर स्वतःचे बोलणे रेकॉर्ड करा. एकदा मोबाइल तोंडापासून वीतभर अंतरावर धरून, आणि एकदा चार फुटांवर ठेवून. दोन्ही हेडफोनवर ऐका. वीतभर अंतरावरचा आवाज चांगला आणि चार फुटांवरचा विहिरीतून बोलल्यासारखा असेल, तर घुमणे जास्त आहे. हे रेकॉर्डिंग पुसू नका, नंतर तुलनेला लागेल.

तिसरी गोष्ट खालच्या सुरांची. ढोलकीची धुम किंवा गाण्यातला बेस स्पीकरवर लावा आणि खोलीत हळूहळू फिरा. काही ठिकाणी बेस अंगावर येईल, काही ठिकाणी जवळजवळ नाहीसा होईल. कोपऱ्यात तो नेहमीच फुगलेला असतो. हा खोलीच्या मापाचा परिणाम आहे. दहा फूट अंतरावरच्या दोन भिंतींमध्ये सुमारे ५६ हर्ट्झचा (सेकंदाला ५६ कंपनांचा) सूर अडकतो आणि फुगतो. आपल्याकडे १० बाय १० ची खोली आणि छतही १० फुटांवर, असे माप फार दिसते. त्यात लांबी, रुंदी आणि उंची तिघीही तोच एक सूर फुगवतात. घरात दोन खोल्या मोकळ्या असतील आणि एक चौकोनी, दुसरी लांबट असेल, तर लांबट घ्या. हा निर्णय फुकटात होतो आणि नंतरचा बराच खर्च वाचवतो.

संगणक असेल तर रूम ईक्यू विझार्ड हे मोफत सॉफ्टवेअर घुमण्याचा वेळ आकड्यांत दाखवते. नवख्याला त्याची गरज नाही. टाळी आणि मोबाइल पुरतात.

दुसरी पायरी: किती शोषण लागेल त्याचा हिशेब

हा हिशेब ज्याने पहिल्यांदा मांडला त्याचे काम आपल्या कापूसवाल्या मुलखाला जवळचे वाटावे असे आहे. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाने वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाकडे एक अडचण सोपवली. फॉग कला संग्रहालयाच्या नव्या व्याख्यानगृहात वक्त्याचे बोलणे कळतच नव्हते, इतका आवाज घुमत होता. सॅबिनने सँडर्स थिएटरमधल्या बैठकांच्या गाद्या रात्री उचलून आणल्या आणि थोड्या थोड्या वाढवत त्या व्याख्यानगृहात मांडल्या. ऑर्गनची नळी वाजवून थांबवायची आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजायचे, असे त्याने रात्री-रात्री केले. त्यातून जे सूत्र निघाले ते आजही वापरतात:

घुमण्याचा वेळ (सेकंद) = ०.१६१ × खोलीचे घनफळ (घनमीटर) ÷ एकूण शोषण (चौरस मीटर)

घुमण्याचा वेळ म्हणजे आवाज बंद झाल्यावर तो ६० डेसिबलने खाली यायला लागणारा वेळ. एकूण शोषण म्हणजे प्रत्येक पृष्ठभागाचे क्षेत्रफळ गुणिले तो शोषतो तेवढा भाग, या सगळ्यांची बेरीज. १९०० मध्ये उघडलेल्या बोस्टनच्या सिंफनी हॉलला सॅबिननेच सल्ला दिला, आणि जगातल्या उत्तम संगीतगृहांत ते अजून गणले जाते.

आता आपली खोली घेऊ. १२ फूट लांब, १० फूट रुंद, १० फूट उंच. घनफळ सुमारे ३४ घनमीटर. चार भिंती, छत आणि जमीन मिळून क्षेत्रफळ सुमारे ६३ चौरस मीटर. सगळे प्लास्टर आणि टाइल धरून तीन टक्के शोषण मोजले तर जेमतेम १.९ येते. सूत्रात घातले की घुमण्याचा वेळ पावणेतीन सेकंदांच्या पुढे जातो. दारे-खिडक्यांमुळे प्रत्यक्षात थोडा कमी भरेल, पण रिकाम्या खोलीत पहिल्यांदा बोलताना कानाला जे जाणवते ते हेच.

बोलणे किंवा गाणे रेकॉर्ड करायला हा वेळ ०.३ ते ०.४ सेकंदांपर्यंत आणायचा असतो. ०.४ साठी एकूण शोषण १३.७ हवे. खोलीत जाड गादीचा पलंग, खिडकीला जाड पडदा, गोधड्यांची चळत आणि तुम्ही स्वतः, एवढे धरले तर शोषण ६ च्या आसपास पोचलेले असते. उरलेल्या साडेसातसाठी पॅनल लागतील. ४ फूट बाय २ फूट आकाराचे जाड पॅनल पाऊण चौरस मीटरला किंचित कमी भरते. ते आदळलेला जवळजवळ सगळा आवाज शोषते असे धरले तर अशी दहा पॅनल. एकूण पृष्ठभागाच्या आठवा भागसुद्धा नाही.

शिकवणीच्या वर्गासाठी किंवा घरच्या बैठकीसाठी इतके कमी करायची गरज नाही. अमेरिकेतल्या वर्गखोल्यांच्या मानकात ०.६ सेकंदाची मर्यादा आहे. ती धरली तर याच खोलीत चार पॅनल पुरतात. म्हणून आधी काम ठरवा, मग आकडा.

तिसरी पायरी: जाडी

इथे सगळ्यात जास्त पैसे वाया जातात, म्हणून थोडे सविस्तर सांगतो.

सच्छिद्र पदार्थ आवाज शोषतो तो हवेच्या कणांची हालचाल अडवून. भिंतीला अगदी चिकटून हवा हलू शकत नाही. ती सगळ्यात जास्त हलते भिंतीपासून लहरीच्या लांबीच्या पाव अंतरावर. १००० हर्ट्झच्या सुराची लहर ३४ सेंटिमीटरची असते, तिचा पाव म्हणजे साडेआठ सेंटिमीटर. १०० हर्ट्झची लहर जवळजवळ साडेतीन मीटरची, तिचा पाव ८६ सेंटिमीटर. म्हणजे जितका खालचा सूर, तितके जाड पॅनल हवे, किंवा ते भिंतीपासून तितके दूर हवे.

एक इंची फोम भिंतीला चिकटवला तर तो फक्त वरचे, तीक्ष्ण सूर खातो. पुरुषाच्या आवाजाचा पाया साधारण ८५ ते १८० हर्ट्झ, बाईच्या आवाजाचा १६५ ते २५५ हर्ट्झच्या घरात असतो. तो तसाच घुमत राहतो. वरची धार गेलेली आणि खालचा घुमारा शिल्लक, असा आवाज कोंदट आणि मेलेला वाटतो. भिंतभर पातळ फोम लावलेल्या खोलीतले रेकॉर्डिंग ऐका, हा दोष लगेच ओळखू येतो.

माझे मत स्पष्ट आहे: चार इंचांपेक्षा कमी जाडीचे पॅनल रेकॉर्डिंगच्या खोलीत लावू नका. आणि शक्य असेल तिथे पॅनलमागे चार इंच पोकळी सोडा. पोकळीला पैसे लागत नाहीत आणि तिच्यामुळे पॅनल आणखी खालच्या सुरांपर्यंत पोचते. बजेट कमी असेल तर संख्या कमी करा, जाडी कमी करू नका.

पाकिटावर एनआरसी नावाचा आकडा दिसेल. २५०, ५००, १००० आणि २००० हर्ट्झ या चार सुरांवरच्या शोषणाची ती सरासरी असते. २५० च्या खाली काय होते ते हा आकडा सांगतच नाही. त्यामुळे ०.८५ एनआरसीचे पॅनल ढोलकीच्या धुमेपुढे निरुपयोगी असू शकते. विक्रेत्याकडे प्रत्येक सुराचा वेगळा तक्ता मागा आणि त्यातला १२५ हर्ट्झचा रकाना बघा.

चौथी पायरी: माल

*रॉकवूल (दगडी लोकर) आणि ग्लासवूल (काचेची लोकर).* पैशाच्या मानाने सगळ्यात चांगले. रॉकवूलचे ४८ किंवा ६४ किलो प्रति घनमीटर घनतेचे स्लॅब मागा. चार इंची पॅनलसाठी दोन इंचांचे दोन थर चालतात. त्याहून फार घट्ट माल घेऊन फायदा नाही. गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात हे मिळेलच असे नाही, पण आपल्याकडे तेलगिरण्या आहेत, साखर कारखाने आहेत. बॉयलर आणि वाफेचे पाइप याच मालाने गुंडाळतात. ते काम करणाऱ्या ठेकेदाराला विचारा, तो मागवून देतो. याचा मोठा गुण म्हणजे दगडी लोकर स्वतः पेट घेत नाही. अवगुण असा की तंतू अंगाला खाजतात. कापताना हातमोजे, मास्क, चष्मा आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, काम अंगणात करा, आणि लहान मुलांना लांब ठेवा.

*कापूस.* हा आपला माल, आणि याकडे लोक उगाच दुर्लक्ष करतात. पिंजलेली रुई चांगले शोषण करते. गावातल्या गादीवाल्याकडून चार-पाच इंच जाड, ४ बाय २ फुटांच्या गाद्या भरून घ्या. फक्त त्याला आधीच सांगा की ही गादी उभी टांगायची आहे. नेहमीसारखे टाके घातले तर रुई महिन्या-दोन महिन्यांत खाली उतरते आणि वरचा भाग रिकामा होतो. टाके चार-चार इंचांवर हवेत. रुई सरकी आणि कचरा नीट काढलेली असावी, नाहीतर उंदीर आणि किडे येतात. आणि एक अट कडक पाळा: कापूस पेटतो. विजेचा बोर्ड, इन्व्हर्टर, देवघरातला दिवा यांच्या जवळपास कापसाचे पॅनल नको. कारखान्यात गादीच्या कापसाला आगीपासून वाचवायला बोरिक अॅसिड लावतात, पण तो प्रयोग घरी करण्यासारखा नाही.

*पॉलिस्टर फेल्टची पॅनल.* ९ ते १२ मिलिमीटर जाडीची, रंगीत, दिसायला सुंदर. बैठकीच्या खोलीत किंवा ऑफिसात बोलण्याची टोचणारी धार कमी करायला बरी. मागे दोन इंच पोकळी ठेवून लावली तर बऱ्यापैकी काम करतात. एकट्याच्या जोरावर रेकॉर्डिंगची खोली मात्र होत नाही.

*लाकडी लोकरीचे सिमेंट बोर्ड.* वर्गात, सभागृहात, जिथे मुलांचे हात लागतात तिथे चांगले. मजबूत असतात. मागे रॉकवूल भरले तर जास्त उपयोगी.

*पीयू (पॉलियुरेथेन) फोम.* सगळ्यात सहज मिळतो आणि मी तो सुचवत नाही. पातळ असतो, उन्हाळ्यात गोंद सुटून खाली पडतो, काही वर्षांत भुकटी होतो. सगळ्यात मोठी गोष्ट आगीची. साधा पीयू फोम झपाट्याने पेटतो आणि त्याच्या धुरात हायड्रोजन सायनाइडसारखे विषारी वायू असतात. २००३ मध्ये अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात एका नाइटक्लबच्या भिंतीवरचा फोम आतषबाजीने पेटला आणि १०० माणसे गेली. २०१३ मध्ये ब्राझीलच्या सांता मारिया शहरात असेच घडले, २४२ मृत्यू झाले. आपल्या बंद खोलीत एकच दरवाजा असतो. फोम वापरायचाच असेल तर अग्निरोधक असल्याचे प्रमाणपत्र दाखवल्याशिवाय घेऊ नका.

आणि या गोष्टी कामाच्याच नाहीत: अंड्यांचे ट्रे, थर्माकोल, जळगावात बनणाऱ्या प्लास्टिकच्या चटया, आणि केळी पिकवण्याच्या रायपनिंग चेंबरच्या पफ पॅनलचे (उष्णता अडवणाऱ्या घट्ट फोमचे) उरलेले तुकडे. रावेर-सावदा भागात हे तुकडे स्वस्तात मिळतात म्हणून लोक ते भिंतीला लावायला बघतात. पफ उष्णता अडवतो, पण त्याची छिद्रे बंद असतात, हवा आत शिरतच नाही. हवा आत शिरली नाही तर आवाज शोषला जात नाही. ही एक कसोटी लक्षात ठेवली तर कुठलाही माल तुम्हीच पारखू शकाल.

पाचवी पायरी: पॅनल बनवणे

सुताराकडून चार इंच रुंदीच्या पाइनच्या पट्ट्यांची ४ बाय २ फुटांची चौकट करून घ्या. कोपऱ्यांना तिरक्या पट्ट्या मारायला सांगा म्हणजे चौकट वाकत नाही. मागे प्लायवुड लावू नका, बहुतेक सुतार मजबुतीसाठी ते सुचवतात. प्लाय लावला की मागच्या पोकळीचा फायदा गेला. मागे फक्त मांजरपाट ताणून स्टेपल करा.

चौकटीत रॉकवूलचे स्लॅब घट्ट बसवा, त्यावर तंतू बाहेर येऊ नयेत म्हणून पातळ नॉनवोव्हन कापड, आणि वर शेवटचे कापड. हे कापड निवडताना ते तोंडाला लावून फुंका. फुंकर सहज पलीकडे गेली तर ठीक. जाडसर खादी, हातमागाचे कापड, सुती चादरीचे सैल विणीचे कापड, सगळे चालते. रेग्झिन आणि चकचकीत पॉलिशचे कापड चालत नाही. जळगावच्या फुले मार्केटमध्ये किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर गेलात की दुकानातच ही फुंकर मारून बघा.

चौकटीच्या लाकडाला आतून-बाहेरून वाळवीचे औषध लावून दोन दिवस सुकू द्या. आपल्या काळ्या मातीच्या भागात हे टाळू नये. असे एक पॅनल सात-आठ किलोंचे भरते.

सहावी पायरी: जागा

पॅनल सारख्या अंतरावर, शोभेसाठी, सगळीकडे वाटून लावायचा मोह होतो. तो आवरा. जागा काम ठरवते.

*बोलणे किंवा गाणे रेकॉर्ड करायचे असेल तर* पहिली दोन पॅनल तुमच्या पाठीमागे लावा. हे अनेकांना उलटे वाटते. आपण ज्या भिंतीकडे बोलतो ती आधी झाकावी असे वाटते. पण नेहमीचा कार्डिऑइड माइक समोरून ऐकतो, म्हणजे तुमच्याकडून आणि तुमच्या मागच्या भिंतीकडून. ती भिंत जे परत फेकते ते सरळ माइकमध्ये जाते. त्यानंतरची दोन माइकच्या मागे, मग डावी-उजवीकडे एकेक. सातवे आणि आठवे छतावर, तुमच्या आणि माइकच्या बरोबर वर. काँक्रीटचा स्लॅब हा खोलीतला सगळ्यात मोठा उघडा पृष्ठभाग असतो आणि त्याच्याकडे कुणी बघत नाही. मध्ये पंखा असेल तर बसायची जागाच पंख्याच्या खालून बाजूला हलवा. उरलेली दोन कोपऱ्यांत तिरकी उभी करा, म्हणजे मागे त्रिकोणी पोकळी राहील. बेस तिथेच साचतो, म्हणून तिथले पॅनल शक्य तेवढे जाड असू द्या.

भिंतीच्या अगदी जवळ आणि खोलीच्या बरोबर मध्यभागी बसू नका. दोन्ही ठिकाणी खालचे सूर बिघडतात.

*गाणे मिक्स करायला किंवा ऐकायला खोली असेल तर* स्पीकर लहान भिंतीकडे, दोन्ही बाजूच्या भिंतींपासून सारख्या अंतरावर ठेवा. तुम्ही बसायची जागा समोरच्या भिंतीपासून लांबीच्या साधारण ३८ टक्क्यांवर घ्या. १२ फुटी खोलीत साडेचार फूट. इथून सुरुवात करा, मग कानाने पुढे-मागे सरका. आता आरसा लागेल. तुम्ही खुर्चीत बसा, आणि दुसऱ्याला भिंतीला चिकटवून आरसा सरकवत न्यायला सांगा. आरशात स्पीकर दिसला की तिथे खूण करा. आवाज त्या जागेवरून आपटून तुमच्या कानात येतो. डावी भिंत, उजवी भिंत आणि छत, तिन्हीकडे दोन्ही स्पीकरसाठी खुणा करा. पॅनल त्या खुणांवर, कानाच्या उंचीला मध्य धरून.

*शिकवणीची खोली किंवा बैठक असेल तर* समोरासमोरच्या दोन भिंतींपैकी एकावर पॅनल लावा, दुसरी तशीच सोडा. "टर्र" तेवढ्यानेही जाते. शिक्षकाच्या पाठीमागची भिंत उघडी ठेवा म्हणजे आवाज मुलांपर्यंत पोचायला मदत होते. मागच्या बाकांमागची भिंत झाका.

टांगणे, आणि कधी टांगू नये

विटांच्या भिंतीत ड्रिलने भोक पाडून प्लास्टिकची गिट्टी आणि स्क्रू पुरतात. पोकळीसाठी चौकटीमागे चार इंचांचे लाकडी ठोकळे लावा. दुहेरी टेपवर भरवसा ठेवू नका. उन्हाने तापलेल्या पश्चिमेच्या भिंतीवर ती मे महिना टिकत नाही. छतावरच्या पॅनलला चारही कोपऱ्यांवर साखळी आणि स्लॅबमध्ये लोखंडी अँकर बोल्ट लावून घ्या. हे काम अनुभवी माणसाकडून करा, कारण खाली माणूस बसणार आहे.

मातीच्या भिंतीत स्क्रू धरत नाही. जुन्या घरात पॅनल लाकडी खांबाला किंवा कडीला बांधा. त्याहून चांगले म्हणजे पॅनलला पाय लावून ते उभे करा. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी आणि ज्यांची रेकॉर्डिंगची खोली म्हणजेच घरातली एकुलती मोठी खोली आहे त्यांनी सगळीच पॅनल पायांवर करावीत. कानबाई बसली, पाहुणे आले, लग्न निघाले की खोली मोकळी करावी लागते. पायांची पॅनल दहा मिनिटांत बाहेर जातात. शिवाय ती गायकाच्या अगदी मागे, हाताच्या अंतरावर ओढून घेता येतात, भिंतीवरची तशी हलत नाहीत. सहा फुटी उंच अशी तीन पॅनल आणि मागे जाड गोधडी टाकलेली दोरी, एवढ्यातही अहिराणी गाण्याचा स्वच्छ ट्रॅक निघतो.

कूलरच्या झोताच्या सरळ रेषेत पॅनल नको. ओली हवा आणि धूळ कापडात बसते आणि पावसाळ्यात बुरशी धरते. ओल येणारी भिंत असेल तर आधी ओल बंद करा, मग पॅनल. पोकळी सोडलेली असेल तर मागून हवा खेळते, हा तिचा दुसरा फायदा. विजेचे बोर्ड आणि दिवे यांच्यापासून किमान एक फूट अंतर ठेवा, आणि एमसीबी कधीही पॅनलमागे दडवू नका.

परत ऐका

चार पॅनल लावली की थांबा. पुन्हा टाळी, पुन्हा चार फुटांवरून मोबाइलचे रेकॉर्डिंग, आणि पहिल्या रेकॉर्डिंगशी तुलना. मग पुढची दोन. प्रत्येक वेळी पॅनल थोडे सरकवून बघा. सहाव्या पॅनलला तुमचे काम झाले असेल तर दहा लावायलाच हवीत असे नाही. वहीगायन, भजन, समूहाची गाणी अशा गोष्टींना थोडा घुमारा शोभतो. त्यांच्यासाठी एखादी भिंत उघडी राहू द्या. एकट्याच्या बोलण्याला आणि लिखित मजकूर वाचायला मात्र खोली जितकी शांत तितकी बरी.

दिवाळीच्या साफसफाईत पॅनल खाली उतरवा, कापडावरून व्हॅक्यूम क्लीनरचा मऊ ब्रश हलक्या हाताने फिरवा, ओल्या फडक्याने पुसू नका. मागे वाळवीची माती किंवा उंदराने कुरतडलेले दिसते का ते बघा, स्क्रू आवळा, आणि कापसाची पॅनल असतील तर वरच्या टाक्यांतली रुई बोटांनी चाचपून बघा. पोकळ लागली तर गादीवाल्याकडे परत पिंजायला द्या.